कंपाउंडर काकांचं काहीच न करणं

आमच्या कंपाउंडर काकांइतका कामचुकार माणूस अख्ख्या बालाघाटात जन्मला नसेल. दवाखान्यात ते राब राब राबत, पण चर्चच्या तरुण संघाचे प्रमुख म्हणून त्यांनी कधी काडी हलवली नाही. आम्ही पंधरा-सोळा वर्षांची पोरं सतरंजी कुठे अंथरायची हे विचारायला गेलो की ते सुपारी कातरत बसत आणि म्हणत, "मले काहून विचारता? तुमाले डोळे नाही का?" एकदा ऐन उपासनेत ढोलकीची दोरी तुटली. पाळकसाहेब थांबले, सगळी मंडळी काकांकडे वळली, तर हे गृहस्थ छताकडे पाहत बसलेले. शेवटी आमच्यातल्या सुशीलानं वेणीची रिबीन सोडून दिली आणि आम्ही दोरी बांधली. आमचे आईबाप चिडायचे. पोरांवर टाकून हा मोकळा, असं म्हणायचे.

नाताळच्या गाण्यांच्या तालमी चालू असताना एका सकाळी उकवा गावाहून निरोप आला. काकांची मावशी गेली होती. आईमागं तिनंच त्यांना वाढवलेलं. तिचा मुलगा तिथं मँगनीजच्या खाणीत कामाला होता. पाळकसाहेब नागपूरला गेलेले. काका आम्हाला म्हणाले, "चला. माती देतानाची उपासना तुम्ही घ्या." मग सुशीलाकडे पाहून, "तू चालव." तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

"काका, तुमची मावशी हाय ना?"

"हौ. म्हणून नीट घेजो."

उकव्याला बसमधून उतरल्यावर कळलं की गीतांची पुस्तकं बालाघाटलाच राहिली. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसऱ्यानं घेतली असतील.

कबरीशी खाणीतली माणसं उभी होती. सुशीलानं शास्त्रातलं वचन वाचलं. मग गीताची वेळ आली आणि आमच्यापैकी एकालाही अंत्यविधीचं गीत पाठ नव्हतं. काकांना सगळी पाठ होती. आम्ही त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ओठ घट्ट मिटलेले, नजर शवपेटीवर. मला त्यांचा भयंकर राग आला. जिनं वाढवलं तिच्यासाठी तरी हा माणूस तोंड उघडणार की नाही?

मावशीचा मुलगा हळूच म्हणाला, "माय बिनगाण्याचीच जाते का?"

सुशीलानं डोळे मिटले आणि सुरू केलं. नाताळचं गाणं! गव्हाणीतल्या बाळाचं. आम्हाला तेवढंच तर येत होतं. तिला एकटीला कसं सोडणार? आम्हीही गाऊ लागलो. खाणीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली तसा सुशीलाचा आवाज अडखळला.

"थांबू नका," मुलगा रडत म्हणाला, "माय आयकून राह्यली."

दुसऱ्या कडव्याला काकांनी सूर लावायला तोंड उघडलं, पण त्यांचा आवाज काही फुटला नाही.

परतताना बसमध्ये सुशीला रडायला लागली. "काका, चुकलंच ना माझं?"

"हौ, चुकलं," काका डोळे पुसत म्हणाले. "पण म्हातारी एकटी नाही गेली."

पुढे नोकऱ्यांपायी आम्ही पांगलो. काका गेले तेव्हा आमच्यातलं कुणीच बालाघाटात नव्हतं. सगळं रीतीप्रमाणे झालं, पुस्तकातली गीतं झाली, कुठे काही चुकलं नाही, असं नंतर कळलं. ते ऐकून मला फार वाईट वाटलं.