गोधडीचं पोट

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सुई ओवणं. तिला सुईचं नाक दिसेना, म्हणून दोरा मी ओवायचा आणि सुई पुढे धरायची. त्या दुपारी मी म्हटलं, "आफ्रिकेत म्हणे ऊन असं की दगड फुटतात. तिथली पोरं गोधडी घेऊन काय करणार गो, उकडून निघणार?"

"अंगाखाली घालतील. तुम्ही ओवा," ती म्हणाली.

संध्याकाळी तिच्या छातीत दुखू लागलं. डिचोलीचं इस्पितळ येईपर्यंत ती राहिली नाही.

आता ही आफ्रिका आमच्या घरात शिरली कशी, ते सांगतो. गावच्या इगर्जीची, म्हणजे चर्चची, एक संस्था होती. तिकडच्या अनाथ पोरांना कपडे, अंथरुणं पाठवायची, शिकणाऱ्यांची फी भरायची. आमच्या वाड्यावरही पोरं उघडी फिरत होती, पण ती रोज दिसणारी. त्यांची दया कोणाला येणार?

मराठी की कोंकणी, यावरून तेव्हा गावात तोंडं फिरली होती. मी मराठीच्या मोर्चात घसा बसेपर्यंत ओरडायचो आणि आमची बायको इगर्जीच्या ओसरीवर किरिस्तांव बायांबरोबर जुनी लुगडी फाडत बसायची. मी खाणीवर ट्रक भरणारा, चौथी नापास. पुढारी सांगायचे, तुझ्या भाषेवर संकट आलंय. त्या भाषेत मी वर्षभरात पगाराच्या सहीपलीकडे काही लिहीत नसे, पण संकट मोठं होतं हे खरं. पुढे गोव्याचं घटकराज्य झालं, पुढारी मंत्री झाले, मी ट्रकच भरत राहिलो. तिच्या गोधड्या चालूच.

आमच्यात गोधडी संपवताना शेवटच्या कोपऱ्यात चिमूटभर तांदूळ घालतात आणि मग टाका मारतात. गोधडीचं पोट भरलेलं असलं की पांघरणारा उपाशी झोपत नाही. हिने ते इगर्जीत कोणाला न सांगता केलं. पावसाळ्यात गठ्ठे कोठीत पडून राहिले आणि तांदळात टोके, ते काळे किडे, झाले. गोधड्यांच्या आधी टोकेच परदेशी जायला निघाले. इगर्जीतल्या सिस्टरने कोपरे उसवून तांदूळ झाडले, गोधड्या उन्हात टाकल्या आणि हिला बजावलं, यापुढे धान्य नको, पार्सल अडकेल.

ही घरी येऊन माझ्यावर चिडली, जणू टोके मी सोडले होते. "उपाशी गोधडी मी पोराच्या अंगावर घालणार नाही," म्हणाली. पण शिवणंही सोडवेना. शेवटची गोधडी तिने आपल्या लग्नातल्या लुगड्याची घेतली. चारी बाजू झाल्या, एक कोपरा तेवढा उघडा ठेवला. तो तसाच राहिला.

बाराव्यानंतर पाद्री भेटायला आला. बायको स्वर्गात गेली म्हणाला. मी विचारलं, तुमच्या की आमच्या? त्याने चहा संपवला. मग त्याची नजर गोधडीवर गेली. उद्या गठ्ठे निघणार होते.

"भाऊ, तेवढा कोपरा शिवून द्या. पण तांदूळ घातलात तर मला घेता येणार नाही. पुन्हा टोके होतील."

सुनेला ती गोधडी घरातच हवी होती, सासूची आठवण म्हणून. सासू असताना तिला त्या चिंध्या वाटायच्या. मी दोघांनाही बघतो म्हणालो.

सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला. सवयीने दोघांचे पाव घेतले. मग चूल पेटवली, तवा ठेवला आणि चिमूटभर तांदूळ लाल होईपर्यंत भाजले. भाजलेल्या तांदळाला टोके काय खाऊन होणार? गार झाल्यावर कोपऱ्यात घातले. सुई ओवली आणि पुढे धरली. थोडा वेळ तशीच धरून बसलो. मग स्वतःच वेडेवाकडे टाके मारले, गोधडी खांद्यावर टाकली आणि पाद्रीला तांदूळ भाजलेत हे सांगायला इगर्जीकडे निघालो.