एका पोत्यात सगळे

अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकत असताना माझी रूममेट स्लोव्हाकियाची होती. आमच्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांना स्वभावाविषयीची एक प्रश्नावली बऱ्याच भाषांत हवी होती. स्लोव्हाक तिच्याकडे आली, मराठी माझ्याकडे. मी एका दुपारीत काम उरकलं आणि पाठवूनही दिलं. ती मात्र अकराव्या वाक्यावर अडून बसली.

मूळ इंग्रजी वाक्य साधंच होतं: 'मी जनरलाइज करतो.' तुम्हाला हे कितपत लागू पडतं, ते एक ते पाचमध्ये सांगा.

"डिक्शनरीत शब्द नाही का?" मी विचारलं.

"आहे ना! झोव्शेओबेत्सन्योवात्य." तिनं तो एका दमात म्हणून दाखवला. "पण तो शाळेतला शब्द आहे. दहा उदाहरणं बघून नियम काढायचा, तसा. त्यात दोष नाही, उलट हुशारी आहे."

दुसरा शब्द होता, पाउशालिझोवात्य. म्हणजे सगळ्यांना सरसकट नावं ठेवणं. तो टीव्हीवरच्या वादात शोभतो, ती म्हणाली, घरात कोण बोलतं तसं?

"एवढं काय त्यात? तुम्ही युरोपातले लोक फारच काटेकोर यार!"

ती खळखळून हसली. "हे बघ, हेच! तू आत्ता जे केलंस ना, त्यालाच शब्द शोधतेय मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आईला व्हिडिओ कॉल केला. तिकडे दुपार होती. आई निवृत्त पोस्टवुमन, छोट्या गावातली. पहिला शब्द ऐकून तिनं स्वतःला पाच गुण दिले. विचार करणारं माणूस आहे मी, म्हणाली. दुसऱ्या शब्दाला तिला आधी मोबाईलचा महिन्याचा प्लॅनच आठवला, कारण त्याला तिकडे पाउशाल म्हणतात. अर्थ सांगितल्यावर तिनं ठसक्यात एक गुण दिला. मग स्वतःहूनच म्हणाली, "आपण म्हणतो ना, सगळ्यांना एका पोत्यात टाकणं!"

रूममेटनं हे सगळं लिहून प्राध्यापकांना नेऊन दिलं. मला वाटलं, ते वैतागणार. त्यांनी शांतपणे वाचलं आणि विचारलं, "म्हणजे शब्द बदलला की त्याच बाईंचं उत्तर उलटं झालं?"

"हो. आणि तुमच्या इंग्रजी वाक्यातही हे दोन्ही अर्थ आहेत," ती म्हणाली. पहिल्याच वर्षाची विद्यार्थिनी, पण आवाज जरासुद्धा कापला नाही.

त्यांनी मूळ इंग्रजी वाक्यच बदललं. एक-दोन माणसांवरून मी सगळ्यांबद्दल मत बनवतो, असं केलं. तिनं स्लोव्हाकमध्ये आईचं पोतं घातलं.

आता सगळ्याच भाषांतरकारांना ते वाक्य पुन्हा करावं लागणार होतं. मला आधी कंटाळा आला. मग मी माझी मराठी प्रश्नावली उघडली. तिथे मी बिनदिक्कत 'सामान्यीकरण' लिहिलं होतं. अमरावतीच्या मावशीला फोन लावून ते वाचून दाखवलं.

"सामान्यीकरण म्हणजे साधी राहणी का गं?" मावशीनं विचारलं.

मी निमूटपणे पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. 'एकाचा अनुभव आला की मी सगळ्यांना तसंच समजतो,' या अकराव्या वाक्यापर्यंत पोचायला मला चार दिवस आणि मावशीचे सहा फोन लागले. रूममेट रोज विचारायची, "आज मावशी काय म्हणाल्या?"