पाठ असलेल्या नाटकाला नवी चाल

रविवारी दुपारी एका जुन्या विनोदी नाटकाचा नवा संगीत प्रयोग पाहिला. तिकीट दीडशे, प्रेक्षक एकेचाळीस, वाद्यं दोनच, पेटी आणि तबला.

मध्यंतरात वडा खाताना शेजारचे काका कुरकुरले, "हशाच्या जागी गाणं! हसायचं कधी?"

"वाक्यं पाठ तुम्हाला. नट बोलायच्या आधीच हसता," काकू म्हणाल्या.

नाटकाची तरुण निर्माती जवळच उभी होती. "आज नाही आवडलं, तर हा शेवटचा प्रयोग," ती मला म्हणाली.

दुसऱ्या अंकात काकांच्या सर्वांत लाडक्या वाक्याचंच गाणं झालं. हसायला उघडलेलं त्यांचं तोंड तसंच राहिलं. पाठ झालेलं वाक्य माणूस पुन्हा ऐकत नाही, असं मला वाटायचं. पहिला वन्समोअर काकांचाच आला.

निघताना त्यांनी निर्मातीला पुढच्या प्रयोगाचे तीनशे रुपये दिले. तारीख ठरायची होती.