भात जमेपर्यंत

कचेरीत जन्म काढलेल्या माणसाकडे म्हातारपणी दोनच गोष्टी साठतात, मूळव्याध आणि किस्से. पहिलीबद्दल चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून आम्ही दुसरीबद्दल बोलतो. पेन्शनीच्या दिवशी बँकेच्या बाकावर बसलो की कुणीतरी म्हणतोच, "बापूचा कुकर आठवतोय काय?" मग खिडकीतून नाव पुकारलं तरी कुणी उठत नाही. त्या एका कुकरनं भात किती शिजवला हे सांगता येणार नाही, किस्से मात्र भरपूर शिजवले.

बापू म्हणजे बापू नलवडे, माझ्या शेजारच्या टेबलाचा. घर मंगळवार पेठेत. समोरच्या टेबलावर पाटील, मूळचा नेसरीचा, घरची शेती. आवाज एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पोचणारा. कचेरीतही तो त्याच आवाजात बोलायचा, त्यामुळे आमच्या खात्यात गोपनीय असं काही उरलं नव्हतं. आणि बापूच्या घरी सुमनवहिनी. मुलगी एकच, बेळगावात दिलेली. जावई मस्कतला.

कुकर आणला तो ह्या जावयानं. ऐंशी सालानंतरची गोष्ट. तेव्हा कोल्हापुरात कुकर म्हटला की तो शिट्टीचाच. हा विजेवरचा, फक्त भाताचा. "पाणी आटलं की बटण आपोआप वर येतं," जावई समजावून सांगत होता, "मग कितीही दाबा, खाली राहत नाही." बघायला अर्धी पेठ लोटली होती. पाटलानं कुकर चारी बाजूंनी निरखला, बटणावर बोट फिरवलं आणि विचारलं, "जावयबापू, ह्याला स्टेशनं किती लागत्यात?"

वहिनींनी कुकरला हळदकुंकू लावलं. आतलं भांडं इतकं चकचकीत, की ते वापरायला त्यांचा जीव होईना. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून त्यांनी ते मांडणीवर मांडलं, आणि तांदूळ-पाणी सरळ कुकरातच ओतलं. बापूनं बटण दाबलं.

फट्ट! बापूच्या घरचा फ्यूज गेला, आणि सोबतीला वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचाही!

जावई कपाळाला हात लावून बसला. सासूला बोलता येत नाही, म्हणून तो कुकरला बोलला, "ह्याला अक्कल नाही."

कुकर गच्चीत वाळला, वायरमनकडून दुरुस्त होऊन आला, आणि अंगावर विणलेला रुमाल घेऊन रेडिओशेजारी जाऊन बसला. वहिनी भात पातेल्यातच करत राहिल्या.

* * *

बापूला स्वयंपाकातलं काय येत होतं? जेवायला येत होतं.

वहिनी बाळंतपणाला माहेरी गेल्या तेव्हा हा चिरमुऱ्यांवर जगला. दूध तापत ठेवून पेपर वाचत बसायचा. उतू गेल्याचा वास आला की खिडकीतून शेजारणीला सांगायचा, "आक्का, तुमचं दूध गेलं बघा!"

कुकर येऊन काही महिने झाले, आणि वहिनींचं पोट दुखायला लागलं. आधी ओवा, मग काढा, मग पेठेतले डॉक्टर, मग मिरज. मिरजेच्या डॉक्टरांनी बापूला एकट्याला आत बोलावलं. बाहेर येऊन बापू म्हणाला, "काही नाही. अशक्तपणा आहे."

वहिनी मला नंतर म्हणाल्या, "भावजी, मला तिथंच कळलं. दवाखान्यातनं स्टँडापर्यंत पिशवी ह्यांनी धरली. लग्न झाल्यापासनं ह्यांनी कधी पिशवी धरली न्हाय."

घरी आल्यावर त्या रडल्या-बिडल्या नाहीत. रेडिओशेजारी गेल्या आणि कुकरवरचा रुमाल काढला. म्हणाल्या, "भाकरी आक्का थापून देतील. आमटी कुठनंबी येईल. पण भात तरी ऊन-ऊन, आपल्या घरचा पाहिजे. लेकीच्या सासरी जाऊन तुम्ही राहायचा न्हाय, मला ठाऊक हाय. तेव्हा तुम्हाला भात जमल्याशिवाय मी कुठं जायची न्हाय, सांगून ठेवते!"

ते खरंच होतं. मुलीच्या सासरी बापू चहासुद्धा उभ्यानं घ्यायचा.

बापूनं फक्त "बरं" म्हटलं.

* * *

शिकवणी सुरू झाली. वहिनी मधल्या खोलीत कॉटवर, बापू स्वयंपाकघरात, मध्ये दार उघडं. जावयानं दिलेलं माप वहिनींना मान्य नव्हतं. त्यांचं माप म्हणजे बोट. बोटाचं टोक तांदळावर टेकवायचं, पहिल्या पेरापर्यंत पाणी. बापूनं तसंच केलं. लापशी झाली.

"अहो, तुमचं पेर न्हवं!" आतून आवाज आला. "तुमचं बोट बघा, मुसळासारखं. माझं पेर!"

तेव्हापासून बापू रोज भांडं कॉटपाशी घेऊन जायचा. वहिनी बोट बुडवायच्या, "अजून थोडं... बास" म्हणायच्या, आणि बापू भांडं दोन्ही हातांत धरून, हिंदकळू न देता, परत जायचा. एकदा पाटलानं हे पाहिलं. म्हणाला, "बापू, एवढं जपून तू सायबाची फाईलबी कधी न्हेली न्हाईस की रं!"

मग टक् करून बटण वर आलं की वहिनी आतून विचारायच्या, "झाला काय हो?" बापूचा विश्वास बसायचा नाही. तो बटण पुन्हा दाबायचा. टक्. पुन्हा दाबायचा. टक्.

"राहू द्या की!" वहिनी हसायच्या. "यंत्र हाय ते, तुमचा कारकून न्हवं!"

* * *

कुकर नुसत्या भाताला कशाला ठेवायचा, असं पाटलाच्या मनात आलं. एका रविवारी तो मटण घेऊन हजर. "पांढरा रस्सा ह्यात झकास हुईल बघ!"

नारळाचं दूध घातलं, मटण घातलं, बटण दाबलं आणि आम्ही तिघं बाहेर पत्ते खेळत बसलो. बटण वर येईना. रश्श्यात पाणी भरपूर, ते आटायचं कधी आणि बटण वर यायचं कधी! दुपार कलली. पोटात कावळे ओरडायला लागले. यंत्राच्या मध्ये पडायचं नाही, अशी बापूची सरकारी समजूत.

शेवटी वहिनी आतून म्हणाल्या, "भावजी, झाकण काढून बघायला मस्कतहून माणूस येणार हाय काय?"

झाकण काढलं. मटणाचा पार चोथा झाला होता. पाटील म्हणाला, "हात्तिच्या! ह्याला मटण कळत न्हाय!"

त्या रश्श्यातला एक चमचा वहिनींनी मागून घेतला. तो पोटात राहिला नाही. बापूनं सगळं निमूट पुसून काढलं, कुकर घासला, पुसून कोरडा केला. मग आत टॉवेल घडी घालून ठेवला आणि जरा वेळ बटण दाबलं. गरम झालेला टॉवेल नेऊन त्यानं वहिनींच्या पोटावर ठेवला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बटणाकडे न बघता किती वेळ ठेवायचा, हेही त्याला बरोबर ठाऊक होतं.

त्यानंतर पाटलानं त्या घरी मटणाचं नाव काढलं नाही.

* * *

घरी न संपलेला भात बापू दुसऱ्या दिवशी डब्यात आणायचा. दुपारी आमचे डबे एकत्र उघडायचे. बापूच्या डब्यातला भात डब्याच्याच आकाराचा निघायचा, गोल, कडा शाबूत.

"बापू," पाटील म्हणायचा, "ह्यो भात शिजीवलास, का साच्यात ओतलास?"

आमच्या बारनिशीत, म्हणजे टपालाच्या टेबलावर, डिंकाची बाटली कायम वाळलेली असायची. नव्या बाटलीची मागणी वरच्या कचेरीत पडून होती. बारनिशीचे कांबळे एक दिवस बापूच्या डब्यापाशी आले, दोन शितं उचलली आणि लखोटा चिकटवला. दुसऱ्या दिवसापासून सगळं टपाल बापूच्या भातावर जायला लागलं. एकदा वरच्या कचेरीतून साहेब आले, लखोटे हाताळून म्हणाले, "चिकटवण्याचं काम तुमच्याकडे पक्कं आहे!"

बापूनं हे घरी सांगितलं. वहिनी उशाला टेकून पोटभर हसल्या. पोटभर हे माझं लिहिणं. पोट धरून हसल्या, असं म्हटलं पाहिजे.

हसणं थांबल्यावर म्हणाल्या, "एवढे दिवस झाले, तुम्हाला अजून भात येत न्हाय. कसं व्हायचं हो?"

"येईल," बापू म्हणाला. "तू शिकव की."

* * *

पन्हाळ्याच्या कचेरीत तपासणीचं एक दिवसाचं काम निघालं. आम्हा तिघांना जायचं होतं. मुलगी बेळगावहून आली होती, त्यामुळे बापूला निघता आलं. निघताना वहिनींनी कुकर पिशवीत घालून त्याच्या हातात दिला. वर घनसाळ तांदळाची पुडी, तांदूळ पाटलाच्याच शेतातला. "तिथं माझं बोट न्हाय. तुमचं तुम्ही करून बघा."

एस.टी.त बापू कुकर मांडीवर घेऊन बसला. कंडक्टरनं विचारलं, "पावणं, ह्याचं तिकीट?"

पाटील गरजला, "मांडीवरच्याला तिकीट लागत न्हाय!"

दुपारी विश्रामगृहाच्या मागच्या खोलीत बापूनं कुकर लावला. मी आणि पाटील कागद तपासत होतो, पण डोळा तिकडेच. बापूनं तांदूळ धुतले, पाणी ओतलं. माप नाही, बोट नाही. नुसतं भांडं जरा तिरकं करून पाहिलं. बटण दाबलं आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. टक् झालं. तो वळलासुद्धा नाही. वाफ जिरू दिली, मग झाकण काढलं.

खोलीभर घनसाळाचा वास. शीत न् शीत सुटं. पानात वाढलं तर मोगऱ्याच्या कळ्यांसारखं पसरलं. असा भात मी लग्नाकार्यातही खाल्ला नव्हता.

आम्ही जेवलो. मग पाटील हळू आवाजात बोलला. त्याला हळू बोलता येतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"कधीपासनं येतोय रं तुला?"

"झाले बरेच दिवस." बापू भांडं धुवत होता.

"मग घरात ते..."

"घरी सांगू नका," बापू म्हणाला.

संध्याकाळी आम्ही त्याला घरापर्यंत सोडायला गेलो. वहिनी वाटच बघत होत्या. बापूला काही विचारलंच नाही. म्हणाल्या, "पाटील भावजी, तुम्ही सांगा. कसा झालता भात?"

पाटलानं माझ्याकडं पाहिलं, मग छताकडं. "वैनी, काय सांगू! लगदा! पन्हाळ्याच्या कुत्र्यानंबी हुंगला न्हाय!"

"व्हय काय?" वहिनींनी कुकर जवळ मागून घेतला. झाकण काढलं. भांडं धुतलेलं होतं, पण काठाच्या घडीत एक शीत राहिलं होतं. ते त्यांनी काढलं, दोन बोटांत धरलं, दाबून पाहिलं. जरा वेळ तसंच धरून ठेवलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "लगदा तर लगदा. उद्या परत बघू."

दुसऱ्या दिवशी बापूच्या डब्यात तोच गोल भात. पाटलानं डबा स्वतःकडे ओढला आणि चेष्टा न करता सगळा संपवला. त्या दिवशी कांबळ्यांना डिंक मिळाला नाही.

* * *

आता शेवटचा किस्सा. वहिनी गेल्या त्याच्या आदल्या रविवारचा.

त्या फार वाळल्या होत्या. पेजेखेरीज काही जात नव्हतं, आणि तीही पुष्कळदा परत यायची. टॉवेलाच्या शेकाचा उपयोग होत नव्हता. डॉक्टर येऊन सुई देऊन जायचे, ती उतरली की त्या उशीचा कोपरा दातांत धरायच्या. मुलगी पायाशी बसून असायची. आम्ही गेलो तेव्हा बापू भांडं घेऊन कॉटपाशी आला होता. वहिनींनी बोट बुडवायला हात उचलला, तो वर राहिला नाही. बापूनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि बोट पाण्यात टेकवलं.

"अजून?" त्यानं विचारलं.

"तुमचं तुम्ही बघा," वहिनी म्हणाल्या.

बापू आत गेला. तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. पाटील माझ्या शेजारी मान खाली घालून बसला होता. बटण वर यायला फार वेळ लागला.

टक् झालं. बापू ताटली घेऊन आला. भात कसला, वर फेस, खाली खळ. मुलीनं वहिनींना उठवून पाठीशी उशा दिल्या. वहिनींनी एक घास तोंडात घेतला. पुष्कळ वेळ चावत राहिल्या, चावण्यासारखं त्यात काही नव्हतं तरी. मग बापूकडे बघून म्हणाल्या,

"जमला हो तुम्हाला."

"न्हाय गं," बापू घाईघाईनं म्हणाला. "पाणी जास्त झालंय. खळ झालीय नुसती. हे बघ. उद्या तू जरा नीट..."

"जमला म्हणते न्हवं," वहिनी म्हणाल्या. "चांगला जमलाय. पाटील भावजींना वाढा. ह्या भावजींनाबी वाढा."

मुलीनं आम्हाला वाढलं. आम्ही खाल्लं. वहिनींनी विचारलं, "कसा झालाय?"

पाटलानं घाईनं दुसरा घास तोंडात घातला. मी म्हणालो, "चांगला झालाय, वहिनी."

बापूनं माझ्याकडं असं पाहिलं, की आजही बँकेच्या बाकावर हा किस्सा निघाला की मी उठून पाणी प्यायला जातो.

मुलीनं वहिनींना आडवं केलं. बापू ताटली घेऊन स्वयंपाकघरात गेला. आम्हाला वाटलं, घासायला गेला असेल. पण भांड्यांचा आवाज नाही, पाण्याचा नाही. जरा वेळानं ऐकू आलं,

टक्.

मग थोडं थांबून पुन्हा, टक्.

आणि पुन्हा.

वहिनींनी डोळे मिटलेले होते. तशाच त्या दाराकडं तोंड करून म्हणाल्या,

"अहो, राहू द्या आता. झालाय तो."