दसऱ्याच्या अक्षता आणि अडकलेला एडिटर

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कॉम्प्युटर क्लासच्या सरांपुढे हात जोडावे लागले, हे मी सरांना अजून माफ केलेलं नाही. करणारही नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. एरंडोलहून एस.टी.ने मी रोज जळगावला कॉम्प्युटर क्लासला जायची. दसऱ्यानंतर माझ्या मशीनला भलतंच दुखणं जडलं. एडिटरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाइप करताना सगळं सुरळीत, पण कम्पाइल केलं, म्हणजे प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत बदलायला घातला, की पडदा ढिम्म. मशीन बंद करून पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर नसे. सरांनी काही न तपासता निकाल दिला, की मी वाट्टेल ती बटणं दाबून मशीन बिघडवलं. आबांना बोलावून घेतलं आणि अख्ख्या वर्गासमोर सांगितलं, हिला प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देणार नाही. आबांनी हात जोडले. मग सर उपकार केल्यासारखे म्हणाले, बसू दे, पण त्याच मशीनवर.

त्याच दिवशी ठरवलं, याचं उट्टं काढायचं.

हार्ड डिस्क भरू नये म्हणून आमच्या क्लासमध्ये कम्पाइल झालेली फाईल फ्लॉपीवर जायची. मी एडिटरला ती हार्ड डिस्कवरच ठेवायला सांगितलं, तर प्रोग्रॅम झटक्यात कम्पाइल झाला. म्हणजे खोट मशीनच्या फ्लॉपी घालायच्या खाचेत. टॉर्च मारून पाहिलं, तर आत कुंकवाने माखलेले तांदूळ. दसऱ्याला मशीनची पूजा सरांनीच केली होती, अक्षता मूठ भरून उधळल्या होत्या. चोराच्या उलट्या बोंबा! मी सेटिंग होतं तसं करून ठेवलं आणि परीक्षेच्या दिवसाची वाट पाहू लागले.

परीक्षेला धुळ्याहून परीक्षक आले. माझं मशीन अडकलं. सरांनी लगेच त्यांना सांगितलं, ही मुलगी मशीन बिघडवते. मी उठून खुर्ची पुढे केली आणि म्हटलं, सर, तुम्हीच करून दाखवा. सरांनी कम्पाइल केलं, अडकलं. पुन्हा केलं, पुन्हा अडकलं. एसीत त्यांना घाम फुटला, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मग मी परीक्षकांसमोर चिमट्याने एकेक दाणा काढून सरांच्या तळहातावर ठेवला. मशीन चाललं. पण मी प्रोग्रॅम दाखवायला बसले नाही. म्हटलं, "आबा बाहेर बाकावर बसलेत. आधी त्यांना सांगा, चूक कोणाची होती."

परीक्षकांनी मान हलवली. सर बाहेर गेले आणि आबांना कसंबसं म्हणाले, तुमच्या मुलीचा दोष नव्हता. आबाच बिचारे ओशाळून उभे राहिले.

मी पास झाले. परतीच्या एस.टी.त आबा हळूच म्हणाले, "जाऊ दे ना माय. सर शेतस त्या." शेवटी सर आहेत ते, असं त्यांचं म्हणणं.

"तुम्ही द्या सोडून आबा, मी नाही," मी म्हटलं. "त्यांनी तुम्हाला बाहेर येऊन सांगितलं. वर्गासमोर नाही."