बाउंड्रीवरचा झेल

एडमंटनला आमच्या घराजवळच्या गॅरेजमधला डॉमिनिकन मेकॅनिक दर हिवाळ्याआधी माझे विंटर टायर्स बसवून द्यायचा. गिऱ्हाईक कोणीही असो, त्याची हाक एकच, "माय फ्रेंड!" वरच्या रॅकवरचा टायर काढताना तो डावाच हात वर करायचा. डावखुरा असेल, असं मी धरून चाललो होतो. तरुणपणी तो इथल्या बेसबॉल टीममध्ये आउटफिल्डर होता, म्हणजे आपल्या भाषेत बाउंड्रीवरचा फिल्डर. पुढे काय झालं विचारलं, की हसून म्हणायचा, "विंटर केम, माय फ्रेंड."

एका रविवारी पार्कात आमचं मराठी मंडळींचं क्रिकेट चाललं होतं. तो कडेच्या बाकावर कॉफी पीत होता. कोणीतरी उंच फटका मारला. कॉफी टाकून तो उठला, चेंडूकडे चक्क पाठ करून धावत सुटला आणि शेवटी वळून डाव्या हाताने अलगद झेल घेतला. आम्ही टाळ्या वाजवत ओरडलो, "थ्रो! थ्रो!"

त्याने चेंडू सवयीने उजव्या हातात घेतला. कोपर खांद्यापर्यंतही गेलं नाही. हात खाली आला.

मग तो चेंडू घेऊन चालत निघाला, थेट बोलरच्या हातात द्यायला. मैदान काही मोठं नव्हतं, पण तो पोचायच्या आत आमच्या टाळ्या थांबल्या होत्या.