तेवढं काढून दाखवा

एक कार्टूनचा सिनेमा शाळेतल्या पोरांना दाखवावा की नाही, एवढं ठरवायला आम्ही पाच मोठी माणसं दोन तास बसलो होतो. त्या पाचांत मीही होते. त्या बैठकीची आठवण झाली की अजून माझं डोकं फिरतं.

आमची शाळा शिरूर कासार तालुक्यात. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं ते उन्हाळा लागल्यावरच परत येतं. मागं राहिलेल्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह असतं, म्हणजे दोन वेळचं जेवण शाळेत आणि झोपायला चुलत्याच्या, नाहीतर मावशीच्या घरी. त्या पोरांची जबाबदारी माझ्यावर होती.

त्यात तिसरीतली एक मुलगी होती. लई बडबडी. वर्गात तिला गप्प करता करता माझा घसा बसायचा. आई-बाप तोडीला गेले त्या दिवसापासून मात्र तिनं तोंडच मिटलं. दर रविवारी दुपारी तिच्या आईचा फोन माझ्या मोबाईलवर यायचा, थेट उसाच्या फडातून. मी हाका मारायची आणि ही पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसायची. "आली का वो बाई?" आई विचारायची. "खेळतीय," मी सांगायची. पाच-सहा रविवार मी हेच सांगितलं. त्या माऊलीला ते खरं वाटत नव्हतं हे तिच्या आवाजावरून कळायचं. हंगाम संपेपर्यंत असंच चाललं तर ही पोर आईला कायमची तुटेल, अशी मला धास्ती बसली होती.

तो सिनेमा मी बीडला भाचीच्या घरी पाहिला. एका हत्तिणीची गोष्ट. दुष्काळ पडतो, कळपाला पाण्यासाठी डोंगरापलीकडं जावं लागतं. तिच्या पिल्लाचा पाय दुखावलेला असतो म्हणून ती त्याला एका म्हाताऱ्या कासवापाशी ठेवून जाते, आणि शेवटी पाऊस घेऊनच परत येते. मला वाटलं, आमच्या पोरांसाठीच काढलाय कुणीतरी! भाचीकडून तो लॅपटॉपमध्ये घेतला आणि हरखून शाळेत आले.

मुख्याध्यापक म्हणाले, "शाळा समितीपुढं ठेवू. उगं आपल्या अंगावर कशाला?"

मग बसली समिती. मुख्याध्यापक, मी, गावातले दोन सदस्य आणि अध्यक्ष. चहा आला, लॅपटॉप टेबलावर ठेवून सिनेमा लावला. पहिले सदस्य म्हणाले, हत्ती लई मोठ्यानं ओरडतात, बारकी पोरं भितील. ह्या गृहस्थांच्या घरी चार वर्षांचा नातू कोयत्याच्या हाणामाऱ्यांचे पिच्चर बघत जेवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दुसऱ्यांनी विचारलं, "ह्याच्यात देवाधर्माचं काई वावगं न्हाई ना?"

"अहो, हत्ती आहेत हो ते! हत्ती आणि कासव!" मी म्हणाले. मुख्याध्यापकांनी डोळ्यांनीच मला दम भरला.

अध्यक्ष तोवर नुसते पडद्याकडं बघत होते. गावातले मोठे बागायतदार, थोरला मुलगा मुकादम. तोडीच्या टोळ्या तोच ठरवतो आणि ट्रक भरतात ते ह्यांच्याच अंगणात. हत्तीण पिल्लाला सोडून निघाली तसे हे मान हलवायला लागले.

"हे न्हाई चालायचं म्याडम. माय लेकराला सोडून जाती म्हंजी काय? पोरांच्या मनावर परिनाम हुतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "परिणाम? पोरं दरवर्षी बघतात की हे, अध्यक्षसाहेब. तुमच्याच अंगणातून ट्रक निघतात."

अध्यक्षांना राग आला नाही, हेच मला जास्त लागलं. एखाद्या अडाणी बाईला समजावावं तसं ते शांतपणे म्हणाले, "ट्रक येगळा, पिच्चर येगळा. ट्रकमधी मानूस पोटासाठी जातंय. पिच्चर करमनुकीचा आसतो. करमनुकीत रडारड कशाला?"

माय खरोखर गेली तर चालतं, पडद्यावर गेली की लेकराच्या मनाची काळजी!

शेवटी मुख्याध्यापकांनी तोड काढली. "तेवढं काढून दाखवा ना. सात मिनिटांचं तर हाय."

आणि मी हो म्हणाले. माझी एवढी आग, एवढा तणतणाट, आणि मी हो म्हणाले. वर मनात म्हटलं, बरंच झालं, तीस पोरं एकदम रडायला लागली तर आवरणार कोण?

शनिवारी सकाळी मोठ्या वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या बांधल्या आणि सिनेमा लावला. हत्ती चिखलात लोळले तशी पोरं खिदळायला लागली. ती मुलगीही दुसऱ्या रांगेत बसून हसत होती. किती दिवसांनी तिचे दात दिसले! मग ती जागा आली. मी बटण दाबून सात मिनिटं पुढं गेले. आताच आईला बिलगून झोपलेलं पिल्लू पुढच्या क्षणी कासवाशेजारी एकटंच बसलेलं.

"बाई, त्याची आय कुठं गेली?" मागून कुणीतरी विचारलं.

"पाणी शोधायला गेली."

"कवा?"

"गेली आत्ताच. बघा पुढं गुपचूप."

तेवढ्यात ती मुलगी उभी राहिली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ते झोपल्यावर न सांगता गेली. वाईट हाय ती." आणि बाहेर निघून गेली. शेवटी हत्तीण पाऊस घेऊन आली, पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि ज्या एका पोरीनं ते बघायला हवं होतं ती व्हरांड्याच्या पायरीवर बसून होती.

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. म्हणाले, "अगं, सांगून गेली होती ती. तेवढं मी काढलं."

"कावून?"

"तुम्ही रडाल म्हणून."

"मग रडलो आसतो की," ती म्हणाली.

मला स्वतःचीच चीड आली. तिला ऑफिसात नेलं, दार लावलं आणि ती सात मिनिटं तिच्यापुढं लावली. हत्तीण सोंडेनं पिल्लाला हलवून उठवते. कुठं जातेय, का जातेय, सगळं सांगते. पिल्लू आकांत करतं, तिची शेपटी धरून बसतं. ती ते रडू थांबवायला जात नाही, त्याचं होईपर्यंत थांबते आणि मग निघते. पोरगी फ्रॉकच्या बाहीनं डोळे पुसत बघत होती. संपल्यावर म्हणाली, "परत लावा." तीन वेळा लावलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी फोन वाजला तेव्हा हाक मारावी लागली नाही, ती आधीच माझ्या टेबलापाशी येऊन उभी होती. मी फोन स्पीकरवर टाकला. आई "हॅलो" म्हणायच्या आत हिनं विचारलं, "आय, जाताना मला कावून न्हाई उठिवलं?"

पलीकडं ट्रॅक्टर धडधडत होता. त्या आवाजातच आई म्हणाली, "म्या उठिवनारच व्हते गं. पर तुझ्या बाईंनीच सांगितलंतं पालकांच्या बैठकीत. लेकरं झोपेत आसतानाच निघा, म्हंजी रडारड व्हत न्हाई."

सांगितलं होतं मी. त्या वर्षीच नव्हे, दरवर्षी सांगत होते, आणि आपण किती शहाणपणाचं बोलतोय असं मला वाटायचं. पोरीनं वर माझ्याकडं पाहिलं. मला तिची माफी मागायची होती. तिनं टेबलावरून फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि माझ्याकडं पाठ करून आईशी बोलायला लागली.